भावासाठी फौजदारी वकील शोधताना

माझ्या धाकट्या भावाला पोलीस ठाण्यातून पहिला फोन आला तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. तो एका खासगी व्यापारी कंपनीच्या गोदामात मालाच्या आवक-जावक नोंदी आणि किरकोळ हिशेब पाहत असे. २०२३ साली काही महिने गोदामातून माल कमी होत गेला, तो झाकण्यासाठी नोंदवहीत खोट्या नोंदी करण्यात आल्या आणि त्यात गोदाम व्यवस्थापकाबरोबर माझ्या भावाचाही हात होता, अशी फिर्याद कंपनीने २०२४च्या अखेरीस दिली होती, हे आम्हाला नंतर कळले. फोनवर मात्र "थोडी माहिती हवी आहे, येऊन जा" एवढेच सांगण्यात आले. आमच्या घरात यापूर्वी कोणीही पोलीस ठाण्याची पायरी चढलेले नव्हते, आणि वकील म्हणून आम्हाला माहीत होते ते एकच गृहस्थ, ज्यांनी वडिलांच्या वाटणीपत्राचे काम केले होते.

मी त्यांनाच फोन केला. "काही होत नाही, जाऊन जबाब देऊन येऊ दे," असे ते म्हणाले आणि मी त्यांच्या शब्दावर भावाला पाठवले. ते गृहस्थ दिवाणी कामात जाणकार होते आणि आजही मला त्यांच्याबद्दल राग नाही. परंतु त्या एका सल्ल्याने काय गमावले, हे समजायला मला पुढे बरेच दिवस लागले. त्या संध्याकाळी विचारायला हवे होते ते असे: गुन्हा दाखल झाला आहे का, कोणत्या कलमांखाली, आणि चौकशीला बोलावायचे असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५(३) प्रमाणे लेखी नोटीस का दिली जात नाही. गुन्हा नोंदला गेलेला असेल आणि अटकेची रास्त भीती असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाता येते. हा दरवाजा अटक होईपर्यंतच उघडा असतो. भाऊ रात्रभर ठाण्यात बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्याला अटक दाखवण्यात आली.

संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये अटक झालेल्या माणसाला दोन गोष्टींची हमी आहे: स्वतःच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊन त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क, आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाण्याचा हक्क. दुसरी हमी आमच्या बाबतीत पाळली गेली. पहिल्या हमीतील "पसंतीचा" हा शब्द मात्र त्या धावपळीत नावापुरताच उरला, कारण पसंती करायला आम्ही वेळच घेतला नाही. ठाण्याच्या आवारात आमच्या ओळखीच्या वकिलांचा एक तरुण सहायक आला, त्याने भावाकडून वकीलपत्रावर सही घेतली आणि दुपारी न्यायालयात तोच उभा राहिला. पोलिसांनी सात दिवसांची कोठडी मागितली. सरकारी वकील तीनेक मिनिटे बोलले. आमचा तरुण वकील एवढेच म्हणाला की आरोपी निर्दोष आहे आणि कोठडीची आवश्यकता नाही. चार दिवसांची पोलीस कोठडी मिळाली.

त्या मुलाचाही दोष मोठा नव्हता. रिमांड अहवाल, म्हणजे कोठडी का हवी हे सांगणारा पोलिसांचा कागद, त्याच्या हाती पडला तोच मुळी पुकारा होण्याच्या पाच मिनिटे आधी. पण मी नंतर त्या आदेशाची नक्कल घेतली तेव्हा त्यात "आरोपीच्या वकिलांचे म्हणणे ऐकले" असे स्पष्ट लिहिलेले होते. त्याचे म्हणणे काय होते याची मात्र एकही ओळ नव्हती, कारण नोंदवून घेण्यासारखे काही मांडलेच गेले नव्हते. त्या कागदाकडे पाहताना मला प्रथमच जाणवले की न्यायालयात वकील जे बोलतो त्यातले कागदावर उतरते तेवढेच पुढे उपयोगी पडते.

पुढची तारीख चार दिवसांनी होती आणि तेवढ्यात नवा वकील शोधायचा, असे मी ठरवले. आप्तेष्टांनी दोन नावे सुचवली.

पहिले गृहस्थ नामांकित होते. त्यांच्या कार्यालयात भिंतभर पुस्तके होती आणि बाहेर बाकावर बरीच माणसे बसलेली होती. मी एफआयआरची प्रत पुढे केली तेव्हा त्यांनी ती उघडलीही नाही. "कलमं सांगा" म्हणाले. मी ४०८, ४२०, ४६७, ४६८ असे सांगताच ते म्हणाले की दोन दिवसांत भाऊ घरी येईल, काळजी करू नका. संपूर्ण फी आधी जमा करावी लागेल आणि न्यायालयात त्यांच्या कार्यालयातील कोणीतरी उभे राहील, असेही त्यांनी सांगितले. कोण उभे राहील, असे मी विचारले तर त्यांना ते आवडले नाही. पावतीविषयी मी विचारण्यापूर्वीच भेट संपली होती.

दुसरे गृहस्थ बोलायला फार आपुलकीचे होते. त्यांनी चहा मागवला, आईची चौकशी केली आणि मग आवाज खाली आणून सांगितले की तपासी अंमलदार त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत, "आतून" बोलणे करता येईल, आणि फीचे म्हणाल तर निम्मी आता, निम्मी जामीन झाल्यावरच द्या. झाला नाही तर देऊ नका. त्या क्षणी मला हा प्रस्ताव अतिशय न्याय्य वाटला, हे मी कबूल करते. घरी आल्यावर एका परिचित निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, "ताई, वकिलाला निकालावर फी ठरवता येत नाही. बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, तिच्या नियमांतच तशी मनाई आहे. जो माणूस पहिल्याच भेटीत स्वतःचा नियम मोडायला तयार होतो, तो तुमचं काम कोणत्या नियमानं करणार?" आतून बोलणे करण्याच्या प्रस्तावावर तर ते काही बोललेच नाहीत, नुसते माझ्याकडे पाहत राहिले.

त्यांनीच मला एक उपाय सांगितला, जो मी यानंतर मला विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे. ते म्हणाले, न्यायालयाचे कामकाज खुले असते. मागच्या बाकावर जाऊन बसा, दोन दिवस ऐका आणि मग ठरवा. रिमांड अहवालाच्या नकलेसाठी मला न्यायालयात जायचेच होते. नक्कल अर्ज देऊन मी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या दालनात शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सकाळच्या सत्रात एका घरफोडीच्या खटल्यात पंचाची साक्ष चालू होती. आरोपीच्या घरातून मुद्देमाल जप्त झाला तेव्हा आपण हजर होतो, असे पंचाने सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगितले. बचावाचे वकील उभे राहिले. आवाज दणदणीत, हातवारे मोठे. त्यांनी पंचाला विचारले की पंचनाम्यावर सही कुठे केली. पंच क्षणभर अडखळला आणि म्हणाला, "पोलीस ठाण्यात." दालनातील सगळ्यांना त्या उत्तराचे वजन कळले, माझ्यासारख्या नवख्या बाईलाही कळले. न्यायाधीशांनी ते उत्तर सांगितले आणि टंकलेखकाने संगणकावर उतरवून घेतले. पण वकील थांबले नाहीत. विजयी स्वरात त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "म्हणजे तुमच्यासमोर काहीच घडलं नाही, खरं ना?" पंचाला सावरायला तेवढाच अवधी हवा होता. तो म्हणाला, "घडलं साहेब. पंचनामा घरातच लिहिला, पण तिथं लाईट गेली म्हणून सही ठाण्यात जाऊन केली." तेही उत्तर कागदावर उतरले. आधीच्या उत्तराने पडलेली भेग पुढच्याच ओळीत बुजली आणि ती बुजवण्याची संधी आरोपीच्याच वकिलाने दिली होती.

जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या एका खटल्यात पुन्हा पंचच साक्षीला होता. या वेळी उलटतपास घ्यायला साधारण पन्नाशीच्या एक वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पंचनाम्याची प्रत होती आणि तिच्या समासात शिसपेन्सिलीने काही आकडे लिहिलेले दिसत होते. घर कितव्या मजल्यावर होते? दार कोणी उघडले? आत किती खोल्या होत्या? कपाट कोणत्या खोलीत होते? पंचनामा कोणाच्या अक्षरात आहे? पाचांपैकी तीन प्रश्नांना पंचाने "आठवत नाही" असे उत्तर दिले आणि दोन उत्तरे पंचनाम्याशी जुळली नाहीत. प्रत्येक उत्तर पूर्ण लिहून होईपर्यंत त्या थांबत होत्या. एकदा त्यांनी न्यायाधीशांना विनंती केली की "आठवत नाही" हे शब्द साक्षीदाराने उच्चारले तसेच घ्यावेत. मग "आणखी प्रश्न नाहीत" असे म्हणून त्या बसल्या. साक्षीदार खोटे बोलतो आहे असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. ते त्यांना युक्तिवादाच्या वेळी म्हणायचे होते, आणि तेव्हा पंचाला खुलासा करायला जागा असणार नव्हती.

दालनाबाहेर लावलेल्या बोर्डावरून मी तो खटला शोधला आणि त्या रात्री ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर बसले. तिथे वकिलाच्या नावावरून खटले शोधता येतात. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो आणि त्यावरून पूर्वीच्या तारखांना काय काम झाले, हे बऱ्याच ठिकाणी वाचता येते. किती आरोपी सुटले हे मोजण्याचा विचार माझ्या मनात आला होता, पण त्यात अर्थ नव्हता. कोणाचे पुरावे किती भक्कम होते हे त्या यादीतून कळत नाही आणि तडजोडीने मिटलेली प्रकरणेही त्यातच मिसळलेली असतात. मी वेगळे पाहिले. साक्षीदार हजर असताना बचावाच्या बाजूने मुदत मागितल्याच्या नोंदी किती आहेत, हे मी पाहिले. त्या बाईंच्या खटल्यांत तशा नोंदी फार थोड्या होत्या, तर दोन दिवसांत भाऊ घरी येईल असे म्हणणाऱ्या नामांकितांच्या खटल्यांत त्या जागोजागी आढळल्या. हे माप अचूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण मुदत मागण्याची रास्त कारणेही असतात. पण आमच्या खटल्यात प्रत्यक्ष कोण उभे राहणार, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यातून मला मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकीलबाईंना भेटले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की माझ्या हातातील एफआयआर, रिमांड अहवाल आणि कोठडीचा आदेश घेतला आणि वीस मिनिटे मला एक शब्दही बोलू दिला नाही. त्या वाचत होत्या. मधूनच तारखांखाली रेघ ओढत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "खोटा केला म्हणतात तो कागद नेमका कोणता?" गोदामाची नोंदवही, असे मी सांगितले. "फक्त नोंदवही? पावती, हुंडी, करार, असं काही?" मी नाही म्हणाले. तेव्हा त्यांनी मला जे समजावले ते मी शक्य तितके जसेच्या तसे लिहिते आहे, कारण वकिलाने कागद वाचणे म्हणजे काय, हे मला त्यातून कळले.

कथित कृत्य २०२३ मधले असल्याने गुन्ह्याची कलमे जुन्या भारतीय दंड संहितेचीच लागतात. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि ती मागच्या कृत्यांना लावता येत नाही. मात्र गुन्हा त्या तारखेनंतर नोंदला गेल्यामुळे तपासाची कार्यपद्धती नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालणार. म्हणजे एकाच प्रकरणात दोन कायदे हाताळावे लागतात. कलम ४०८ (नोकराने केलेला विश्वासघात), ४२० (फसवणूक) आणि ४६८ (फसवणुकीसाठी बनावटीकरण) यांना जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. एवढीच कलमे असती तर अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घालून दिलेल्या दंडकाप्रमाणे सरसकट अटक करता आली नसती. अटक का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांना नोंदवावी लागली असती आणि दंडाधिकाऱ्यांना ती तपासावी लागली असती. परंतु त्यात ४६७ घातले गेले. ते कलम मूल्यवान रोखा (म्हणजे ज्याने कोणाचा कायदेशीर हक्क निर्माण होतो, बदलतो किंवा संपतो असा कागद), मृत्युपत्र यांसारख्या दस्तऐवजांच्या बनावटीकरणाचे आहे आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. त्या एका आकड्याने अटकेची वाट मोकळी झाली आणि दोषारोपपत्रासाठीची ६० दिवसांची मुदत ९० दिवसांवर गेली. त्या मुदतीत दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून तो फरक महिनाभराच्या तुरुंगवासाचा ठरू शकतो. "नोंदवही म्हणजे मूल्यवान रोखा नव्हे, असं माझं म्हणणं राहील," त्या म्हणाल्या. "हे पहिल्या रिमांडलाच नोंदवायला हवं होतं. आता दुसऱ्याला नोंदवू."

मी विचारले, जामीन कधी होईल? त्या म्हणाल्या, "सांगता येणार नाही. आधी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू. जन्मठेपेचं कलम असल्यामुळे ते नाकारण्याचा संभव आहे. मग कलम ४८३ खाली सत्र न्यायालयात. दोन-तीन आठवडे धरून चला." हे ऐकायला मी गेले नव्हते. आई घरी वाट पाहत होती आणि मला तिला सांगायला एक तारीख हवी होती. दोन दिवसांचे आश्वासन देणारा एक नामांकित माणूस त्याच गावात बसला असताना तीन आठवडे सांगणाऱ्या बाईंकडे काम द्यायचे, हा निर्णय मला तेव्हा अवघड गेला, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शेवटी माझे मन वळले ते समासातल्या पेन्सिलीच्या खुणांकडे पाहून.

फीविषयी त्या सरळ बोलल्या. जामिनापर्यंतचे काम वेगळे, दोषारोपपत्र आल्यावर दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालण्यापूर्वीच आरोपातून मोकळे करण्याच्या, अर्जाचे वेगळे, आणि खटला चालवण्याचे वेगळे. प्रत्येक टप्प्याची रक्कम त्यांनी एका कागदावर लिहून दिली, वरखर्च कोणता आणि कशाचा तेही लिहिले आणि घेतलेल्या पैशांची पावती दिली. महत्त्वाच्या साक्षीदारांचे उलटतपास त्या स्वतः घेतील आणि केवळ पुढची तारीख घेण्यापुरते सहायक येतील, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

आधीच्या वकिलांकडून प्रकरण काढून घेण्याचे काम मनाला जड गेले. वकील बदलताना पहिल्यांकडून ना-हरकत घेण्याची पद्धत आहे. मी स्वतः भेटायला गेले. ते थोडे दुखावले, आणि उरलेली रक्कम दिल्याशिवाय कागद देणार नाही असे त्यांच्या कार्यालयातून मला सांगण्यात आले. फीसाठी वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. ते मला वकीलबाईंनी सांगितले होते, पण ते ऐकवण्याची वेळ आली नाही. झालेल्या कामाचे पैसे मी दिले, आभार मानले आणि कागद मिळाले.

दुसऱ्या रिमांडच्या आदल्या दिवशी मॅडम, म्हणजे वकीलबाई, भावाला कोठडीत भेटायला गेल्या. मीही बरोबर होते. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितले. मी म्हणाले, मी त्याची मोठी बहीण आहे, त्याला माझ्यापासून लपवायचे काही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "अशील तो आहे, तुम्ही नाही. तो माझ्याशी जे बोलेल त्याला कायद्याचं संरक्षण आहे. तुमच्यासमोर बोलेल तर उद्या तुम्हाला साक्षीला बोलावता येईल." वकील आणि अशील यांच्यातील गोपनीयता पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होती, ती आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. मला तेव्हा वाईट वाटले. बाहेर बाकावर बसून मी अर्धा तास काढला आणि विचार करत राहिले की मी इतके दिवस वकील शोधते आहे तो माझ्या समाधानासाठी की त्याच्यासाठी. भाऊ निर्दोष आहे यावर वकिलाचा विश्वास असला पाहिजे, असे मला मनापासून वाटत होते आणि त्या बाईंनी मला तसे एकदाही म्हटले नव्हते. पुढे मी एकदा न राहवून विचारलेच. त्या म्हणाल्या की त्यांचे मत काय, याला खटल्यात जागा नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि ती पार पाडली गेली की नाही हे पाहणे त्यांचे काम आहे. आरोपीच्या दोषाविषयी वकिलाचे स्वतःचे मत काहीही असले तरी त्याने बचाव करावा, हे बार कौन्सिलच्या नियमांतही लिहिलेले आहे. हे उत्तर पचायला मला वेळ लागला, पण त्यानंतर मी तो प्रश्न कोणालाही विचारलेला नाही.

याच काळात गोदाम व्यवस्थापकांच्या घरचे आमच्याकडे आले. दोघांनी मिळून एकच वकील करू, खर्च निम्मा होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटलेही होते. मॅडमनी एका वाक्यात नकार दिला. नोंदी भावाच्या अक्षरात होत्या, पण त्या व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून केल्या असे भावाचे म्हणणे असू शकते. मग एकाच वकिलाने एका अशिलाचा बचाव करताना दुसऱ्यावर बोट दाखवायचे का? हा साधा विरोध मला दिसला नव्हता. व्यवस्थापकांनी वेगळे वकील केले, आणि आज दोघांचे बचाव खरोखरच वेगळ्या दिशेने चालले आहेत.

दुसऱ्या रिमांडच्या दिवशी पोलिसांनी आणखी पाच दिवस मागितले. नव्या संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी सलग न घेता तुकड्या-तुकड्यांनी, तपासाच्या मुदतीनुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मागता येते, त्यामुळे न्यायालयीन कोठडी मिळाली म्हणजे ती भीती संपली असे नसते, हे मॅडमनी मला आधीच सांगून ठेवले होते. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी रिमांड अहवालातील दोन परिच्छेद वाचून दाखवले: नोंदवही पहिल्याच दिवशी जप्त झाली आहे आणि हस्ताक्षराचे नमुने घेऊन झाले आहेत, मग आरोपी ताब्यात कशासाठी हवा? ४६७ विषयीचे म्हणणे त्यांनी लेखी दिले. न्यायाधीशांनी न्यायालयीन कोठडी दिली आणि आदेशात त्यांच्या म्हणण्याचे तीन परिच्छेद आले. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला, सत्र न्यायालयाने दिला. अटकेपासून एकोणिसाव्या दिवशी भाऊ घरी आला.

त्या एकोणीस दिवसांत न्यायालयाच्या व्हरांड्यात मला एक बाई रोज दिसत. त्यांचा मुलगा कोठडीत होता आणि त्यांच्यापाशी वकिलाला द्यायला काही नव्हते, म्हणून त्या कोणालाच भेटल्या नव्हत्या. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तसेच स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि इतर काही घटकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर होते. मी त्यांना तिथे घेऊन गेले. लोक अभिरक्षक कार्यालयातील, म्हणजे आरोपींना मोफत बचाव देणाऱ्या कार्यालयातील, ज्या तरुण वकिलाकडे ते प्रकरण गेले, त्याने माझ्यासमोर एफआयआर मागून घेतली आणि वाचायला सुरुवात केली, तेव्हा मला त्या बाईंची काळजी थोडी कमी वाटली. ज्यांना वाट माहीत नाही त्यांनी १५१०० या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या क्रमांकावर फोन करावा.

आमचे दोषारोपपत्र ८२व्या दिवशी आले. कागदपत्रांच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत दोषमुक्तीचा अर्ज करायचा असतो. मॅडमनी तो मुदतीत केला. संपूर्ण दोषमुक्ती मिळाली नाही. ४६७ मात्र दोषारोपातून वगळले गेले, आणि त्या आदेशात नोंदवहीविषयी जे लिहिले आहे ते दुसऱ्या रिमांडच्या वेळी दिलेल्या लेखी म्हणण्याशी बरेचसे मिळतेजुळते आहे. उरलेल्या कलमांवर खटला चालू आहे.

मागच्या महिन्यात पहिला साक्षीदार तपासला गेला. तो नोंदवही जप्तीचा पंच होता. मी शेवटच्या बाकावर बसले होते, भाऊ आरोपींच्या जागी उभा होता. मॅडमनी सहा प्रश्न विचारले. पाचव्या प्रश्नाला पंच म्हणाला की नोंदवहीला मोहोर केली होती की नाही हे त्याला आठवत नाही. माझ्या शेजारी बसलेले व्यवस्थापकांचे मेहुणे कुजबुजले, "आता विचारा ना, मग मधे पानं बदलली का म्हणून!" मॅडमनी ते विचारले नाही. उत्तर टंकलेखकाकडून पूर्ण उतरून होईपर्यंत त्या थांबल्या, सहावा प्रश्न सहीच्या वेळेविषयी विचारला आणि बसल्या. पुढच्या तारखेला फिर्यादीचा उलटतपास आहे.